बुरशीची पारख

सन २०२१ चा वैशाख महाराष्ट्रांतील बहुतेक कुटुंबांच्या स्मरणांतून सहसा जाणार नाहीं. करोनाच्या दुसऱ्या लाटेंतून वांचून माणूस घरीं यावा, चार दिवस ओसरीवर बसून त्यानें मोकळा श्वास घ्यावा, आणि मग एके सकाळीं गालाच्या एकाच बाजूस ठणका लागून डोळा सुजावा, असा प्रकार त्या दिवसांत गांवोगांव ऐकूं येऊं लागला. वर्तमानपत्रांनीं त्यास 'काळी बुरशी' असें नांव दिलें. डॉक्टर 'म्युकरमायकोसिस' म्हणत. २० मे रोजीं केंद्र सरकारनें राज्यांना पत्र लिहून हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखालीं नोंदण्यास सांगितलें. मुंबईच्या प्लेगाच्या धामधुमींत जन्मास आलेला कायदा तो हाच. त्याच महिन्याच्या २६ तारखेस, म्हणजे वैशाखी पौर्णिमेस, देशांतील रुग्णांचा सरकारी आंकडा ११,७१७ होता. त्यांत गुजराथेंतील २,८५९ व महाराष्ट्रांतील २,७७०. जूनच्या २८ तारखेस तो ४०,८४५ वर गेला, आणि मृतांची संख्या ३,१२९ झाली.

लाट ओसरली, लोक विसरले. परंतु हा रोग करोनाबरोबर आला नव्हता व त्याच्याबरोबर गेलाहि नाहीं. २०२० च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत देशांतील १६ रुग्णालयांनीं मिळून जी पाहणी केली तींत २८७ रुग्ण आढळले. त्यांपैकीं १८७ जणांस करोना होऊन गेलेला होता. उरलेल्या १०० जणांचा करोनाशीं कांहीं संबंध नव्हता. मधुमेह ज्या घरांत आहे, आणि आज तो कोणत्या घरांत नाहीं, त्या घरानें या रोगाची ओळख ठेवणें अवश्य आहे. रोगाच्या लक्षणांविषयीं तेव्हां पुष्कळ छापून आलें. तो ओळखावयाचा कसा, प्रयोगशाळेंत त्याचें निदान कशावरून ठरतें, आणि त्या कामीं घरच्या मंडळींच्या हातांत काय असतें, याविषयीं मात्र फारच थोडें लिहिलें गेलें. प्रस्तुत लेख त्या उणिवेपुरता आहे.

प्रथम नांवाचाच घोळ निस्तरला पाहिजे. ही बुरशी मुळांत काळी नव्हे. शिळ्या भाकरीवर किंवा पावावर जो पांढरा कापसासारखा भुरा चढतो व पुढें राखी होत जातो, त्याच कुळांतील ही. काळी पडते ती माणसाच्या शरीरांतील जागा. बुरशीचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंती फोडून आंत शिरतात, तेथें रक्ताची गुठळी होते, आणि रक्त न पोंचल्यामुळें टाळू, नाक, गाल यांचें मांस मरून काळें दिसूं लागतें. म्हणजे काळा रंग हा शत्रूचा नसून त्यानें जाळलेल्या घराचा आहे. तो दिसेपर्यंत थांबणें म्हणजे घर जळाल्यावर आग ओळखणें होय. नांवामुळें दुसराहि अनर्थ झाला. कांद्याच्या पातीवर जी काळी भुकटी दिसते तीच ही काळी बुरशी, अशी आवई त्या महिन्यांत उठली व कित्येक घरांतून कांदे उकिरड्यावर गेले. कांद्यावरची ती भुकटी ॲस्परजिलस नायजर नांवाच्या वेगळ्याच बुरशीची असते. कांदा सोलून धुतला कीं काम भागतें. (मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत अभक्ष्य पदार्थांच्या यादींत कांदा व 'कवक' जवळजवळ आलेले आहेत. आजच्या शास्त्रीय मराठींत 'कवक' हाच शब्द बुरशीच्या सर्व जातींस वापरतात; पण या शेजाराचा त्या आवईशीं संबंध जोडूं नये!)

शास्त्रज्ञांनीं ठेविलेलीं नांवें अधिक बोलकीं आहेत. 'म्युकर' हा लॅटिन शब्द बुरशी याच अर्थाचा. या कुळांत माणसास सर्वांत अधिक बाधणारी जात 'ऱ्हायझोपस', म्हणजे ग्रीक भाषेंत 'मूलपाद'. तिच्या तंतूंस खालीं मुळांसारखे पाय फुटतात. दुसरें मोठें कूळ ॲस्परजिलस. १७२९ सालीं मिकेली नांवाच्या इटालियन धर्मोपदेशकानें ती बुरशी भिंगाखालीं पाहिली, तेव्हां त्यास देवळांत तीर्थ शिंपडण्याच्या कुंचल्याची आठवण झाली, व त्यावरून त्यानें हें नांव दिलें. आपल्याकडील कोणी पाहिली असती तर प्रोक्षणाच्या दर्भाची जुडी आठवली असती. म्युकरकुळामुळें माणसास होणाऱ्या रोगाचें पहिलें व्यवस्थित वर्णन १८८५ सालीं पाल्टाउफ यानें केलें. याच कुळांतील दोन रोगकारक बुरश्यांचा शोध आपल्याच देशाच्या मातींत लागलेला आहे: एक १९५३ मध्यें सागरजवळच्या जंगलांतील मातींत सक्सेना यांस सांपडली व त्यांच्याच नांवानें 'सक्सेनिया' म्हणून जगभर ओळखली जाते, दुसरी, 'ॲपोफायसोमायसीस', १९७९ मध्यें उत्तर हिंदुस्थानांतील आमराईच्या मातींत मिळाली. ही दुसरी जखमेंतून शिरते. अमेरिकेंत जॉपलिन गांवास २०११ च्या मे महिन्यांत वावटळीनें उद्ध्वस्त केलें, तेव्हां जखमांत माती गेलेल्यांपैकीं १३ जणांस तिचा रोग झाला व त्यांतील ५ दगावले. नांगराचा फाळ किंवा बाभळीचा कांटा लागून झालेली जखम दिवसेंदिवस काळी पडत चालली, तर आमच्या मराठवाड्यांतहि हें ध्यानांत असावें.

आतां मुख्य प्रश्न. त्या वैशाखांत आमच्या रेणापूर तालुक्यांतील एका घरीं पन्नाशीचे एक गृहस्थ करोनांतून उठून आले होते. जुना मधुमेह, त्यांत स्टेरॉइडचें औषध झालेलें. आठ दिवसांत एक गाल बधिर झाला, वरचे दांत हलूं लागले. डॉक्टरांनीं नाकांत दुर्बीण घालून मांसाचा तुकडा काढावा लागेल असें सांगितलें. घरांतील वडील मंडळी अडून बसली: आधींच आजारानें खंगलेला माणूस, त्याच्या नाकाचा तुकडा कशाला तोडतां, रक्त तपासा. रक्त तपासलें, त्यांत बुरशीचें कांहीं निघालें नाहीं. सर्वांस हायसें वाटलें. दोन दिवस असे गेले. त्यांचा पुतण्या माझा जुना विद्यार्थी. त्यानें मला विचारलें, "गुरुजी, रक्ताच्या रिपोर्टांत कांहींच नाहीं, मग तुकडा कशाला?" प्रश्न अगदीं स्वाभाविक होता, आणि त्याचें उत्तर घरोघरीं माहीत असतें तर कित्येक डोळे वांचले असते.

उत्तर असें कीं, या बुरशीचे बीजाणू सर्वत्र आहेत. शेणखतांत, कुजलेल्या पाल्यापाचोळ्यांत, भिजलेल्या सोयाबीनच्या राशींत, घरांतल्या हवेंत. आपण सर्वजण ते रोज श्वासावाटे आंत घेतों. निरोगी माणसाच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांचा तेथल्या तेथें निकाल लावतात. रक्तांत साखर व आम्ल वाढलें, त्या पेशी स्टेरॉइडनें दुबळ्या झाल्या, आणि रक्तांतील लोह मोकळें झालें, म्हणजे त्याच बीजाणूस अंकुर फुटतो. जूनच्या त्या सरकारी हिशेबांत २६,१८७ जणांस मधुमेह होता व २१,५२३ जणांना स्टेरॉइड दिलेलें होतें, हें येथें लक्षांत घ्यावें. म्हणून नाकांतील शेंबडांत कापूस फिरवून बुरशी मिळाली, तर एवढेंच कळतें कीं पाहुणा ओसरीवर आलेला आहे. ओसरीवर तर सगळेच येतात. तो भिंत फोडून माजघरांत शिरला कीं नाहीं हें पाहावयाचें असेल, तर भिंतीचाच तुकडा पाहिला पाहिजे. उलटपक्षीं, रोग पुरता फोफावला असतांनाहि ही बुरशी रक्ताच्या नेहमींच्या कल्चरमध्यें बहुधा उगवतच नाहीं. रक्तांतून बुरशी ओळखण्याच्या ज्या दोन चांचण्या मोठ्या रुग्णालयांत करतात त्यांपैकीं गॅलॅक्टोमॅननची चांचणी ॲस्परजिलसच्या भिंतींतील द्रव्य शोधते. दुसरी, बीटा-डी-ग्लुकनची, बऱ्याच बुरश्यांस लागूं पडते, पण म्युकरकुळांत तें द्रव्य इतकें अल्प कीं चांचणीला तें सांपडत नाहीं. तेव्हां कोऱ्या रिपोर्टाचा अर्थ 'रोग नाहीं' असा होत नाहीं. सीटी स्कॅन व एमआरआय यांवरून रोग कोठवर पोंचला तें कळतें. रोग कोणाचा तें कळत नाहीं. त्या साक्षीसाठीं तुकडाच लागतो.

हा तुकडा मेलेल्या व जिवंत मांसाच्या सीमेवरून घेतात, आणि त्याचे दोन भाग करून दोन निरनिराळ्या बाटल्यांत घालतात. ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक, पण सारें निदान तिच्यावर अवलंबून असतें. एक भाग फॉर्मॅलिनमध्यें जातो. तो मांसाची रचना जशीच्या तशी राखतो, परंतु त्यांतील बुरशी मारून टाकतो. दुसरा भाग निर्जंतुक सलाइनमध्यें ओलसर ठेवून ताबडतोब सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेंत जावा लागतो, कारण तेथें बुरशी जिवंत हवी. या बुरशीस फ्रिजची थंडीहि मानवत नाहीं, म्हणून जाणते लोक तो फ्रिजमध्यें ठेवीत नाहींत. वर सांगितलेल्या गृहस्थांचा तुकडा अखेर घेतला गेला तेव्हां, एका खाजगी रुग्णालयांत, घाईगर्दींत तो सगळाच फॉर्मॅलिनमध्यें घातला गेला. मग कल्चरचा मार्ग बंद झाला, आणि मांसपरीक्षेच्या उत्तराची वाट पाहण्यांत आणखी तीन दिवस गेले. रुग्णाबरोबर धांवपळ करणाऱ्या नातेवाइकानें 'बाटल्या दोन आहेत ना? एक सलाइनची ना?' एवढें विचारलें तर त्यांत डॉक्टरांचा अपमान नाहीं. चांगला डॉक्टर उलट संतोष मानील.

सलाइनच्या बाटलीचें काम पहिल्या तासाभरांतच सुरूं होतें. तुकड्याचा लहानसा कण कांचपट्टीवर ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचें दहा ते वीस टक्क्यांचें पाणी सोडतात. या क्षारांत मांस विरघळत जातें, परंतु बुरशीची भिंत कायटिन या चिवट द्रव्याची असल्यानें टिकून राहते. साबण करतांना चरबीचें काय होतें तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना ही युक्ति सहज समजेल. त्यांतच कॅल्कोफ्लुअर व्हाइट नांवाचें द्रव्य घातलें, तर बुरशीचे तंतू अतिनील प्रकाशांत चकाकून उठतात. हें द्रव्य म्हणजे कोणी दुर्मिळ रसायन नव्हे. आपण धुतलेल्या धोतरास व सदऱ्यास जें टिनोपाल देत असूं, त्याच कुळांतील तें आहे. कपड्याच्या धाग्यास चिकटून त्यास शुभ्र दाखविणें हा त्याचा धर्म. बुरशीच्या धाग्यासहि तें तसेंच चिकटतें.

मग सूक्ष्मदर्शकांतून पाहणारा काय पाहतो? तंतू दोन तऱ्हांचे. म्युकरकुळाचे तंतू रुंद, फितीसारखे चपटे, वांकडेतिकडे, आणि त्यांत आडपडदे जवळजवळ नसतातच. फांदी फुटते ती बहुधा काटकोनांत. ॲस्परजिलसचे तंतू बारीक, सारख्या जाडीचे, ठराविक अंतरावर आडपडदे असलेले, आणि त्यांच्या फांद्या कैचीसारख्या लघुकोनांत फुटतात. जुन्या पिढीच्या वाचकांस एका वाक्यांत सांगावयाचें तर, पहिली मोडी आणि दुसरी बाळबोध. मोडींत लेखणी न उचलतां ओळ वाहत जाते. बाळबोधींत अक्षर अक्षरापासून वेगळें. आणि मोडीप्रमाणेंच येथेंहि शाई सर्वांस दिसते, वाचतां येतें तें सराव असलेल्यासच. तुकड्यांत तंतू मुडपला गेला कीं कोन फसवा दिसतो. म्हणून अनुभवी परीक्षक कोनापेक्षां रुंदी व पडदे यांवर अधिक भर देतात.

एवढा सूक्ष्म भेद कशासाठीं, असें कोणी विचारील. औषधासाठीं. ॲस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल हें उत्तम औषध आहे. म्युकरवर त्याचा कांहींएक परिणाम होत नाहीं. म्युकरवर ॲम्फोटेरिसिन बी द्यावें लागतें, आणि मेलेलें मांस शस्त्रानें काढून टाकावें लागतें. ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडांस कठीण जातें, तेव्हां तें उगीच देण्याचें औषध नव्हे. शिवाय २०२१ च्या मे महिन्यांत त्याच्या कुप्यांचा दुष्काळ पडून त्या सरकारमार्फत राज्याराज्यांस वांटून दिल्या जात होत्या. अशा वेळीं ज्याच्या तुकड्यांत रुंद तंतू दिसले त्याच्या औषधाची निकड कागदावर सिद्ध होत होती. संशय दाट असेल तर डॉक्टर उत्तराची वाट न पाहतां औषध सुरूं करतात, हें खरें आणि योग्यच. पण तुकडा मात्र त्याच दिवशीं घेतला गेला पाहिजे.

त्यानंतर उरलेल्या भागाचें कल्चर. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ साबुरो याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या साखरमिश्रित खळीवर तो पेरतात. येथें एक गंमत आहे. इतर जंतूंसाठीं तुकडा खलांत घोटून पेरण्याचा प्रघात आहे. म्युकरच्या बाबतींत तसें केलें तर घात होतो. पडदे नसलेला तंतू एका ठिकाणीं फुटला कीं त्यांतील सारा जीवरस वाहून जातो व तो मरतो. म्हणून त्याचे सुरीनें बारीक काप करतात, घोटीत नाहींत. नीट पेरला तर एक ते तीन दिवसांत पांढऱ्या कापसानें बशी भरते, व कापूस झांकणास जाऊन टेकतो. मग निळ्या रंगांत घालून त्याचे 'पाय' पाहावयाचे. बीजाणूंच्या देठाखालींच पाय असतील तर ऱ्हायझोपस, पाय मुळींच नसतील तर म्युकर. एवढें करूनहि सुमारें निम्म्या रुग्णांच्या बाबतींत बशींत कांहींच उगवत नाहीं. तेव्हां 'कल्चर निगेटिव्ह' हे शब्द वाचून, पट्टींत रुंद तंतू दिसलेले असतांना, घरच्यांनीं औषध थांबविण्याचा हट्ट धरूं नये. उलट, तुकड्यांत कांहीं दिसलें नसतां बशींत एखादा ठिपका उगवला, तर तो हवेंतून पडलेला असूं शकतो. पट्टी व बशी यांची साक्ष एकत्र वाचावयाची असते.

फॉर्मॅलिनच्या बाटलीचा प्रवास सावकाश होतो. तो तुकडा मेणांत बसवून त्याचे अति पातळ काप काढतात व रंगवितात. चांदीचा क्षार वापरून जो रंग देतात त्यांत बुरशीची भिंत काळीभोर होते. म्हणजे आयुष्यांत ही बुरशी खरोखर काळी दिसते ती येथेंच, प्रयोगशाळेंतल्या कांचेवर! पण या परीक्षेचें खरें मोल निराळें आहे. तंतू रक्तवाहिनीच्या भिंतींत घुसलेला येथें प्रत्यक्ष दिसतो, आणि मग ओसरी कीं माजघर हा वाद संपतो. याला एक दोन दिवस, कधीं अधिक, लागतात. बुरशीचे जनुक ओळखण्याची पीसीआरची पद्धतहि आतां आली आहे. ती मोठ्या केंद्रांत होते. चंदिगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेंत रोगकारक बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह असून, अवघड नमुने ओळखण्याचें काम तेथें चालतें.

परंतु यांतील पहिली पायरी, क्षाराचें पाणी आणि सूक्ष्मदर्शक, हिला चंदिगड लागत नाहीं. आमच्या रेणापुराहून लातूर वीस एक किलोमीटर. तेथें विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, नांदेडास डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नांवाचें व अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें शासकीय महाविद्यालय आहे. तिन्हींत सूक्ष्मजीवशास्त्र व विकृतिशास्त्र हीं दोन्ही खातीं चालतात. सकाळीं घेतलेला तुकडा तालुक्यांतील कोणत्याहि गांवाहून दुपारपर्यंत तेथें पोंचूं शकतो. प्रस्तुत लेखकाच्या मतें उणीव यंत्रांची नाहीं. ती मोडी वाचणाऱ्या डोळ्यांची आहे, आणि तुकड्यास नाहीं म्हणणाऱ्या घरांची आहे.

त्या गृहस्थांचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. मांसपरीक्षेंत रक्तवाहिनींत रुंद तंतू आढळले. तोंवर रोग डोळ्याच्या खोबणींत उतरला होता. वरच्या जबड्याचा एक भाग व उजवा डोळा काढावा लागला. गृहस्थ वांचले, आज शेतावर जातात. वडील मंडळींस दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांना जें सांगावयास हवें होतें तें कोणी सावकाश बसून सांगितलेंच नव्हतें.

शेवटची एक व्यावहारिक सूचना. मांसपरीक्षेसाठीं मेणांत बसविलेला तुकडा, म्हणजे ज्यास डॉक्टर 'ब्लॉक' म्हणतात तो, परीक्षा संपल्यावर लगेच टाकून देत नाहींत; प्रयोगशाळा तो जपून ठेवते. निदानाविषयीं शंका राहिली, किंवा रुग्णास दुसऱ्या गांवीं हलवावें लागलें, तर घरच्यांनीं लेखी अर्ज करून तो ब्लॉक व रंगविलेल्या कांचपट्ट्या मागून घ्याव्या. दुसरा परीक्षक त्याच मेणांतून नवा काप काढून पुन्हां पाहूं शकतो. रुग्णाच्या नाकास पुन्हां हात लावावा लागत नाहीं.